पोलीस गाडीची धडक आणि ठाण्यातली तडजोड

चांदणी चौक मागे टाकला की भुगाव, भुकूम, पिरंगुट आणि पुढे पौड. मुळशी तालुक्याचा हा मुख्य रस्ता. तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी-माणच्या आयटी कंपन्या, मध्ये पिरंगुटचे कारखाने, वर लवासा आणि ताम्हिणीचा घाट. शनिवार-रविवारी पुण्यातून गाड्यांची रांग लागते आणि त्या रांगेबरोबर बंदोबस्ताच्या गाड्याही धावतात. या रस्त्यावर चारचाकीत बसून जाणारा समाज वेगळा आणि रस्त्याच्या कडेने पायी चालणारा समाज वेगळा. पायी चालणारा कोण असतो? दुसरी पाळी संपवून घरी निघालेला कंत्राटी कामगार, बंगल्यावर धुणीभांडी करणारी बाई, बांधकामावरचा मजूर, डोक्यावर मोळी घेतलेला कातकरी. म्हणजे आपलाच माणूस.

या माणसाला ट्रकने किंवा कंपनीच्या बसने उडवले तर पुढे काय करायचे, हे आता वस्तीवस्तीत माहीत झाले आहे. वकील गाठला जातो, विमा कंपनीवर दावा लागतो, उशिरा का होईना पैसे येतात. पण उडवणारी गाडी पोलिसांची असेल तर? इथे आमच्या शिकल्यासवरल्या माणसांचेही पाय लटपटतात. सरकारवर कुठे दावा होतो का, पोलिसांच्या गाडीला विमा नसतो मग पैसे कोण देणार, उद्या याच ठाण्यात आपल्याला जायचे आहे, असे तीन प्रश्न एकदम पुढे येतात आणि त्यांच्या मागोमाग येते ती तडजोड.

ही तडजोड कशी होते हे चळवळीतल्या वाचकांना सांगायला नको. नातेवाईक ससूनच्या शवागाराबाहेर उभे असतात, प्रेत ताब्यात मिळायचे असते, गावाकडून माणसे निघालेली असतात. अशा वेळी ठाण्यात कोणीतरी समजूतदार आवाजात बोलू लागतो. चालक गरीब आहे, त्याचीही लेकरे आहेत, नोकरी जाईल. आम्ही सगळे मिळून काही रक्कम जमवून देतो. मग स्टॅम्प पेपरवर ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असे लिहून घेतले जाते. जबाबात एक वाक्य हळूच घातले जाते : मयत हा अचानक रस्त्यात आडवा आला. विधवेचा अंगठा उमटतो. आणि हे घडवून आणणारा मध्यस्थ पुष्कळदा आपलाच कार्यकर्ता असतो. वाईट वाटेल, पण हे लिहिणे भाग आहे. त्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. हाती काहीतरी पडावे एवढेच त्याला वाटत असते. पण त्या एका वाक्याने आणि त्या एका अंगठ्याने त्या कुटुंबाचे किती जाते याचा हिशेब त्याने कधी केलेला नसतो. तो हिशेब खाली मांडला आहेच. आधी कायद्याची भीती काढून टाकू.

सरकारवर नुकसानभरपाईचा दावा होतो की नाही, हा प्रश्न आपल्या देशात सुरू झाला तोच एका रस्त्यावरच्या अपघातातून. कलकत्त्याच्या किदरपूर गोदीत सरकारी कामगार लोखंडाचा एक जड भाग उचलून नेत होते. समोरून पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या जहाज कंपनीची घोडागाडी आली. कामगारांनी लोखंड खाली टाकले, त्या आवाजाने घोडा बुजला, लोखंडावर पडला आणि जखमी झाला. कंपनीने दावा लावला ३५० रुपयांचा. १८६१ साली कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी निर्णय दिला की सरकार जबाबदार आहे. एका गोऱ्या कंपनीच्या घोड्यासाठी सरकारला खिशात हात घालावा लागला. मात्र त्याच निकालात एक भेद केला गेला. गोदी चालवण्यासारखे काम कोणीही खासगी माणूस करू शकतो, त्यात सरकार जबाबदार. पण जे काम फक्त राज्यसत्ताच करू शकते, म्हणजे ‘सार्वभौम’ काम, त्यात सरकारवर दावा चालणार नाही. घोड्याला न्याय देणारा हाच निकाल पुढे माणसांच्या विरोधात ढाल म्हणून वापरला गेला, हा भारतीय कायद्यातला मोठा विनोद आहे.

स्वातंत्र्यानंतर ही ढाल प्रथम वाकवली ती एका विधवेच्या खटल्याने. १९५२ च्या फेब्रुवारीत उदयपूरच्या कलेक्टरची सरकारी जीप वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन परत येत होती. चालकाने रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या एका माणसाला उडवले. तो तीन दिवसांनी वारला. त्याची पत्नी विद्यावती आणि लहान मुलगी कोर्टात गेल्या. राजस्थान सरकारचे म्हणणे असे की कलेक्टरची जीप म्हणजे सार्वभौम काम. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली हे म्हणणे फेटाळले आणि १५,००० रुपयांची भरपाई कायम केली. प्रजासत्ताकात सरकारने राजासारखी सूट मागण्याला आधार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

पण अडीचच वर्षांनी, १९६४ साली, कस्तुरीलाल खटल्यात गाडी उलटी फिरली. १९४७ साली मेरठच्या पोलिसांनी एका सराफाला संशयावरून पकडले आणि त्याचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने मालखान्यात ठेवले. ते सोने घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, अटक आणि जप्ती हे पोलिसांचे सार्वभौम काम, म्हणून सरकार जबाबदार नाही. हा निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख आपल्या महाराष्ट्राचेच न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर होते. त्यांनाही ही स्थिती समाधानकारक वाटली नाही. यावरचा उपाय कायदेमंडळाच्या हाती आहे, असे त्यांनी निकालातच नमूद केले.

इथे आम्ही वाचकांचे लक्ष संविधानाच्या अनुच्छेद ३०० कडे वेधू इच्छितो. सरकारवर दावा कधी चालेल, हे त्या अनुच्छेदात जुन्या राजवटीच्या मापाने ठरवले आहे. ते माप १९३५, १९१५ आणि १८५८ च्या कायद्यांतून मागे मागे जात थेट ईस्ट इंडिया कंपनीपर्यंत पोहोचते. परंतु परमपूज्य बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने दिलेल्या संविधानात हे माप कायमचे म्हणून ठेवलेले नाही. संसद किंवा विधिमंडळ कायदा करून ते बदलू शकते, असे त्याच अनुच्छेदात स्पष्ट लिहिले आहे. विधी आयोगाने १९५६ साली आपल्या पहिल्याच अहवालात असा कायदा करावा असे सुचवले. १९६५ आणि १९६७ साली लोकसभेत विधेयके आली आणि बारगळली. ज्या इंग्लंडच्या राजाकडून आपण ही सूट उसनी घेतली, त्या इंग्लंडने १९४७ सालीच कायदा करून ती सोडून दिली. आपले सत्ताधारी मात्र कंपनी सरकारचे वारस बनून बसले आहेत. संविधानाने दार उघडे ठेवले, आत जायला कोणी तयार नाही.

सुदैवाने रस्ते अपघातांच्या बाबतीत न्यायालयांनी कायदेमंडळाची वाट पाहिली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सुग्राबाई खटल्यात लष्करी ट्रकच्या अपघाताबद्दल केंद्र सरकारला जबाबदार धरले. ट्रक लष्कराचा असला तरी एक यंत्र वर्कशॉपमधून तोफखाना शाळेत पोहोचवणे हे काही सार्वभौम काम नव्हे, असा तो विचार होता. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही सरकारी वाहनाच्या अपघातात सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही अशी भूमिका घेतली. मोटार वाहन कायद्याखालचे न्यायाधिकरण वाहनाच्या मालकाला जबाबदार धरते, आणि पोलीस गाडीचा मालक महाराष्ट्र शासन आहे. म्हणून जीप गुन्हेगाराच्या मागे निघाली होती की साहेबांची भाजी आणायला, याने मयताच्या वारसांचा हक्क बुडत नाही. सायरन वाजत होता, हेही उत्तर पुरेसे नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांनी तातडीच्या वाहनाला सिग्नल ओलांडण्याची आणि वेगाची मुभा दिली आहे, पण ती योग्य काळजी घेऊनच वापरायची आहे. सायरन म्हणजे माणूस चिरडण्याचा परवाना नव्हे.

आता विम्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने सरकारी कामाच्या सरकारी वाहनांना विम्याच्या सक्तीतून सूट दिली आहे हे खरे. त्याचा अर्थ पैसे कोणीच देणार नाही असा होत नाही. विमा कंपनीच्या जागी सरकारी तिजोरी उभी राहते एवढाच त्याचा अर्थ. पण या सुटीचा एक तोटा कुटुंबाला निश्चित होतो. २०१९ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, विमा कंपनीवर बंधन घातले की अपघाताची माहिती मिळाल्यावर तिच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत भरपाईचा प्रस्ताव द्यावा. पोलीस गाडीच्या बाबतीत असा अधिकारीच नाही. ट्रकखाली मेलेल्याच्या घरी प्रस्ताव येऊ शकतो, पोलीस जीपखाली मेलेल्याच्या घरी येतो तो स्टॅम्प पेपर घेतलेला मध्यस्थ. गृह खात्याने असा अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात नेमला तर निम्म्या तक्रारी मिटतील, असे आमचे मत आहे. या मागणीसाठी निवेदने निघायला हवीत. पुतळ्यांच्या सुशोभीकरणाची निवेदने आपण पुष्कळ दिली.

आणखी एक प्रकार पुण्याच्या आसपास सर्रास दिसतो. गाडी खासगी, पुढच्या काचेवर पाटी ‘पोलीस’. अशी गाडी धडकली की लोक पाटी बघूनच हबकतात. वास्तविक अशी गाडी म्हणजे साधी खासगी गाडी. तिला विमा असलाच पाहिजे आणि दावा मालक व विमा कंपनीवर लागतो. म्हणून पहिले काम गाडीचा नंबर लिहून घेणे आणि आरटीओतून नोंदणी कोणाच्या नावे आहे ते काढणे. पाटीवर काय लिहिले आहे याला कायद्यात शून्य किंमत आहे.

आता तो हिशेब. समजा, पिरंगुटच्या कारखान्यात काम करणारा ३२ वर्षांचा कामगार महिना १५,००० रुपये मिळवतो. घरी पत्नी, दोन मुले, म्हातारी आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत भरपाईची रीत ठरवून दिली आहे. चाळिशीच्या आतल्या कंत्राटी किंवा स्वतःच्या धंद्यावरच्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. म्हणजे २१,०००. अवलंबून असणारे चौघे, म्हणून स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा. उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. वयाच्या ३१ ते ३५ या गटाला गुणक १६. गुणाकार करा : ३०,२४,००० रुपये. अंत्यविधीची रक्कम, पत्नी, मुले आणि आई यांच्या साहचर्याच्या हानीची रक्कम वेगळी, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज वेगळे. ठाण्यातल्या तडजोडीत एखाद्या लाखावर अंगठा घेतला जातो तेव्हा कोणाला किती सोडून दिले जाते, हे मध्यस्थ कार्यकर्त्याने स्वतःच्या मुलांच्या वहीवर एकदा मांडून पाहावे.

या रीतीवर आमचा आक्षेपही आहे. माणसाच्या जिवाची किंमत त्याच्या पगारावरून ठरते. हिंजवडीच्या इंजिनिअरचे प्रेत कोटीचे आणि त्याच्याच इमारतीत झाडू मारणाऱ्या बाईचे काही लाखांचे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पगारापासून दूर ठेवले त्यांना मरणातही तोच दर लागतो. २०२१ च्या कीर्ती खटल्यात घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमालाही मूल्य आहे आणि त्यावर भविष्यातील वाढही धरता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ही चांगली सुरुवात आहे. तोपर्यंत उत्पन्नाचा कागद हेच हत्यार. मुळशीला हे नव्याने सांगायला नको. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढाकाराने इथे सत्याग्रह झाला. त्या वेळी भरपाई गेली ती कागदावर नाव असलेल्याकडे. जमीन कसणाऱ्या पण कागदात नसलेल्या माणसाला कोणी विचारले नाही. आज आपल्या मजुराकडे पगाराची पावती नसते. मग बँकेचे पासबुक, ठेकेदाराची वही, हजेरी कार्ड, सोबतच्या कामगाराची साक्ष, काहीही चालते. काहीच नसले तर निदान किमान वेतनाचा दर धरण्याचा आग्रह वकिलाने सोडता कामा नये.

खरी अडचण पुराव्याची आहे. कायद्याने अपघाताचा अहवाल पोलिसांनीच तयार करायचा. २०२२ च्या नियमांप्रमाणे पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. तो अहवाल हाच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. व्यवस्था उत्तम आहे, पण गाडी पोलिसांची असेल तेव्हा पंचनामा लिहिणारा, जबाब घेणारा, तपास करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तपास तो, सगळे एकाच खात्याचे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप ठेवून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली आणि येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले. ती गाडी बिल्डरच्या घरची होती आणि साऱ्या देशाचे कॅमेरे तिथे लागले होते. जिथे गाडीच खात्याची आणि मेलेला कातकरी, तिथे कॅमेरा कोण आणणार?

म्हणून कॅमेरा आपणच शोधायचा. पौड रस्त्यावरचे पेट्रोल पंप, हॉटेले, कारखान्यांची फाटके यांच्या कॅमेऱ्यातले चित्रण थोड्या दिवसांत पुसले जाते. त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा. सरकारी गाडीला लॉगबुक असते, ठाण्याला स्टेशन डायरी असते, नियंत्रण कक्षाच्या नोंदी असतात. गाडी किती वाजता, कोणाला घेऊन, कशासाठी निघाली हे तिथे लिहिलेले असते. हे सर्व जपून ठेवावे असे पत्र पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पोचपावतीने द्यावे, मग माहिती अधिकारात नकला मागाव्यात. हिंजवडीचा भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे आणि पौड पुणे ग्रामीणमध्ये, हे पत्र लिहिताना ध्यानात असावे. ठाण्यातच दडपण आणून सही घेतली असेल तर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे ठाण्यातही कॅमेरे असायला हवेत. ते चित्रणही मागता येते. फिर्याद घेतली नाही तर अधीक्षकांना लेखी कळवून मग दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग आहे.

फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी दावा बुडत नाही, हेही लोकांना माहीत नसते. फौजदारीत निःसंशय पुरावा लागतो, न्यायाधिकरणात संभाव्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच पाहतात. १९८० च्या एन. के. व्ही. ब्रदर्स निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणांना बजावले की तांत्रिक खुसपटांवर वारसांना परत पाठवू नका. उलट बाजूनेही एक खुलासा करायला हवा. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम ३०४ अ खाली होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली आहे. तो आपसात मिटवता येत नाही. म्हणजे स्टॅम्प पेपरवर जे ‘मिटवले’ म्हणून सांगतात ते कायद्याने मिटतच नाही. मिटतो तो फक्त वारसांचा पुरावा. आणि प्रत्येक अपघात हा अ‍ॅट्रॉसिटी नसतो. जिथे जातीचा संबंध नाही तिथे ते कलम ओढून आणल्याने आपलाच दावा हलका होतो.

आम्ही तडजोडीच्या विरोधात नाही. तडजोड लोकअदालतीत, दावा दाखल झाल्यावर, आकडा मांडून, वकील शेजारी असताना व्हावी. तिथेही सावध राहावे. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पण लोकअदालतीला तुमच्यावर आकडा लादण्याचा अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या जालोर सिंग निकालात स्पष्ट केले आहे. पॅनेलवरच्या साहेबांनी डोळे वटारले तरी ‘नाही’ म्हणता येते. दोष सिद्ध न करता मिळणाऱ्या भरपाईचे कलम १६४ आहे : मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. ज्यांच्याकडे काहीच पुरावा नाही त्यांना ते आधार देते. पण ते घ्यायचे की कलम १६६ खाली पूर्ण दावा लढवायचा, हे हिशेब मांडल्याशिवाय ठरवू नये.

निकालानंतरही शासन उच्च न्यायालयात अपील करते, वर्षे जातात. रक्कम भरली नाही तर न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला देते आणि कलेक्टरने ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. शासनाचाच कलेक्टर शासनाकडून वसूल करणार! तरीही वारसांनी तो दाखला मागावा. कागद पुढे सरकला की फाइल हलते.

मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. २०२२ पासून दाव्याचा अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत द्यावा असे कलम १६६ (३) म्हणते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, पण त्यावर विसंबून कोणी बसू नये. सरकारला दिवाणी दाव्याआधी द्यावी लागणारी दोन महिन्यांची नोटीस इथे लागत नाही. दावा अपघात जिथे झाला तिथे किंवा वारस जिथे राहतात तिथेही लावता येतो. उस्मानाबादेहून, म्हणजे आताच्या धाराशिवहून, कामाला आलेल्या मजुराच्या विधवेने पुण्याच्या फेऱ्या मारण्याची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मुळशीकरांसाठी त्याचा अर्ज शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यायचा. सोबत फिर्यादीची प्रत, शवविच्छेदन अहवाल, वारसांची आधार कार्डे, उत्पन्नाचा मिळेल तो कागद. आणि ठाण्यात कोणी सही करून घेतली असेल तर तिची तारीख व वेळ एका कागदावर लिहून न्यावी.